लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे

मृगाचा पाऊस पडून गेला, शाळा उघडली, आणि पहिल्याच आठवड्यांत आठवींतील एका विद्यार्थ्यानें आपली कंपासपेटी माझ्या टेबलावर आणून ठेविली. सुटीभर ती घरच्या ओलसर कोनाड्यांत पडून होती. कर्कटकाचे पाय तांबूस होऊन त्याची खीळ जागच्या जागीं घट्ट बसली होती. परंतु त्याच पेटींतील पोलादी पट्टी मात्र नव्यासारखी चकाकत होती. पेटी एक, हवा एक, ओल एक; मग एकाला गंज चढला आणि दुसरीला कां नाहीं, असा त्याचा प्रश्न होता.

आपला गोंदिया जिल्हा धानाचा व तलावांचा. येथल्या घरांत हा प्रश्न नवा नाहीं. कापणी संपली कीं विळ्याला तेलाचा हात देऊन तो आढ्याला खोंचून ठेवण्याची रीत पालकांस ठाऊक आहेच. स्टेशनावर उभें राहून पाहिलें, तर ज्या रुळांवरून गाड्या सारख्या धांवतात त्यांचा माथा आरशासारखा लखलखत असतो, आणि बाजूला वापरावांचून पडलेल्या रुळावर तांबड्या खपल्या धरलेल्या असतात. त्या विद्यार्थ्याला मीं दोन वाक्यांत उत्तर दिलें, पण तें मलाच अपुरें वाटलें. पुरें उत्तर द्यावयाचें तर एका लोहाराच्या मुलाचें चरित्र सांगावें लागतें.

मायकेल फॅरडे याचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनजवळील न्यूइंग्टन येथें झाला. बाप जेम्स हा लोहारकाम करी. उत्तर इंग्लंडांतून पोटासाठीं तो राजधानीकडे आला, परंतु प्रकृतीनें त्याला साथ दिली नाहीं, आणि ज्या दिवशीं घण उचलवत नसे त्या दिवशीं घरांत मजुरी येत नसे. १८०१ च्या महागाईंत लहान मायकेलच्या वांट्याला आठवड्याला एक पाव येई, व तो त्याला सात दिवस पुरवावा लागे. आई मार्गारेट हिनें ह्या ओढगस्तींत चार मुलांना वाढविलें. शाळेंत मायकेल वाचणें, लिहिणें व थोडा हिशेब यांपलीकडे कांहीं शिकला नाहीं.

परंतु लोहाराच्या घरच्या मुलाला दुसरी एक शाळा असते. भट्टींतून काढलेल्या लाल लोखंडावर घाव पडतांच त्यावरून काळ्या खपल्या उडतात, हें आपल्या गांवच्या लोहाराकडेहि दिसतें. ह्या खपल्या म्हणजे राख नव्हे किंवा मळ नव्हे. तापलेल्या लोखंडानें हवेंतील प्राणवायु घेतला, आणि त्या दोहोंच्या संयोगानें ही नवी वस्तु झाली. या क्रियेला रसायनशास्त्रांत ऑक्सिडीकरण म्हणतात. धातु हवेंत तापून त्याचें भस्म झालें असतां वजन घटत नाहीं, उलट वाढतें, व तें ह्या प्राणवायूमुळें वाढतें, हें फ्रान्सच्या लाव्हाझिए यानें फॅरडेच्या जन्मापूर्वींच तराजूनें सिद्ध केलें होतें. तथापि ही क्रिया धातूच्या पृष्ठावर नेमकी सुरू कशी होते, आणि एकदां सुरू झाल्यावर कोठें थांबते व कोठें थांबत नाहीं, हें कोणासच माहीत नव्हतें.

तेराव्या वर्षीं मायकेल ब्लँडफर्ड रस्त्यावरील रीबो नांवाच्या पुस्तकविक्याकडे निरोप्या म्हणून राहिला, व पुढच्या वर्षीं, म्हणजे १८०५ त, पुस्तकबांधणी शिकण्यासाठीं त्याच दुकानांत सात वर्षांच्या उमेदवारीवर चढला. बांधणीस आलेलीं पुस्तकें तो वाचूं लागला. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकांतील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंचें संवादरूपानें लिहिलेलें रसायनशास्त्र यांनीं त्याला वेड लावलें. पुस्तकांत सांगितलेली गोष्ट खरी कीं खोटी, हें तो मिळतील त्या बाटल्या व पैशा-दोन पैशांचीं द्रव्यें घेऊन स्वतः पडताळून पाही. १८१० त बाप वारला. वडील भाऊ रॉबर्ट हाहि लोहारच होता. शहरांत एके ठिकाणीं शास्त्रीय विषयांवर व्याख्यानें होत, त्यांच्या प्रवेशाचा प्रत्येक वेळचा एक शिलिंग तो आपल्या मजुरींतून धाकट्या भावाला देई. फॅरडेच्या चरित्रांत मोठमोठ्यांचीं नांवें पुढें पुष्कळ येतात, पण माझ्या मनांत ह्या रॉबर्टचें स्थान फार वरचें आहे.

१८१२ च्या वसंत ऋतूंत दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. डेव्हीसाहेब त्या काळचे पहिल्या प्रतीचे रसायनशास्त्रज्ञ. मायकेलनें तीं व्याख्यानें टिपून घेतलीं, त्यांस आकृत्या जोडल्या, स्वतःच्या हातानें त्यांची सुबक पोथी बांधली आणि नोकरीच्या विनंतीसह डेव्हीसाहेबांकडे पाठविली. १ मार्च १८१३ रोजीं प्रयोगशाळेंतील मदतनीस म्हणून त्याची नेमणूक झाली. आठवड्याला पंचवीस शिलिंग पगार व माडीवर राहावयास दोन खोल्या मिळाल्या. उपकरणें धुणें, भट्टी पेटविणें, व्याख्यानाच्या वेळीं साहित्य मांडणें हें त्याचें काम असे.

आतां लोखंडाकडे येऊं. ह्या प्रकरणाचा धागा आपल्या मुंबईस येऊन मिळतो. दक्षिण हिंदुस्थानांत मातीच्या बंद मुशींत शिजवून एक उत्तम पोलाद तयार होत असे. इंग्रज त्याला वुट्झ म्हणत. मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं त्याचे नमुने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे धाडले, आणि १७९५ त जॉर्ज पिअर्सन यानें त्यांवर सोसायटीपुढें निबंध वाचला. त्या वेळीं ह्या कठीण पोलादाचें हत्यार घडवून दाखविणारा लंडनचा कारागीर जेम्स स्टोडार्ट हा होता. चाकू-वस्तऱ्यांच्या धंद्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ह्याच स्टोडार्टनें पुढें फॅरडेला जोडीस घेतलें. १८१९ त फॅरडेनें वुट्झचें पृथक्करण प्रसिद्ध केलें. त्यांत ॲल्युमिनियमचा अंश सांपडला व त्याचमुळें हें पोलाद श्रेष्ठ ठरतें, असा निष्कर्ष त्यानें काढला. हा निष्कर्ष चुकीचा होता. वुट्झचें वैशिष्ट्य मुख्यतः त्यांतील कोळशाच्या अंशामुळें येतें, हें आतां सर्वमान्य आहे. परंतु चुकीच्या पायरीवरूनहि तो पुढें चढला. पोलादांत थोडासा दुसरा धातु मिसळल्यानें गुण पालटतात, तर आपण निरनिराळे धातु मिसळून कां पाहूं नये, असें दोघांच्या मनानें घेतलें.

त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. धार अधिक टिकावी ही एक, आणि पोलादाला गंज चढूं नये ही दुसरी. संस्थेच्या तळघरांत प्रचंड आंचेच्या भट्टीवर चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम, निकेल असे धातु पोलादांत वितळविण्यांत आले. सोनें किंवा प्लॅटिनम हवेंत मळत नाहीं, तेव्हां त्याचा अंश पोलादांत गेला तर तेंहि मळणार नाहीं, हा विचार सरळ होता. प्लॅटिनम भरपूर घातलेले कांहीं तुकडे महिनोन् महिने उघडे राहूनहि चकचकीत राहिले, परंतु त्या भावाचें पोलाद विकत कोण घेणार? आणि प्लॅटिनम अगदीं थोडें घातलें, तर एक विलक्षण गोष्ट घडली. सौम्य गंधकाम्लांत तें पोलाद साध्या पोलादापेक्षां कितीतरी लवकर विरघळूं लागलें. ज्यानें रक्षण करावें त्यानेंच भक्षणाला हातभार लावला! पोलादाच्या एकाच पृष्ठावर दोन भिन्न धातूंचे कण शेजारीं शेजारीं आले कीं त्यांची जणूं एक चिमुकली विजेची बॅटरी बनते व दुर्बळ धातु झपाट्यानें झिजतो, हा त्याचा अर्थ. १८२२ च्या निबंधांत क्रोमियम मिसळलेल्या पोलादाचीहि नोंद आहे. प्रमाण होतें शेंकडा एक व शेंकडा तीन. हे आंकडे वाचकांनीं लक्षांत ठेवावेत, कारण शेवटीं त्यांचें काम पडणार आहे.

१८२३ त स्टोडार्ट वारला, आणि हें काम थांबलें. बाजारांत त्याचा म्हणण्यासारखा उपयोग झाला नाहीं. पांच वर्षें भट्टीपुढें घाम गाळून फॅरडेच्या हातीं काय उरलें म्हणाल, तर आपल्या पोलादाचे थोडे वस्तरे, जे तो मित्रांस भेट देई, आणि एक लांकडी पेटी, जींत निरनिराळ्या मिश्रणांचे तुकडे ठेविले होते.

त्याच सुमारास इंग्लंडच्या आरमारानें डेव्हीसाहेबांपुढें एक अडचण मांडली. लांकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकीत, व समुद्राचें खारें पाणी ते खाऊन टाकी. १८२४ त डेव्हीसाहेबांनीं तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडण्याची युक्ति काढली. तांब्याऐवजीं हे तुकडे झिजूं लागले व तांबें बचावलें. ह्या प्रयोगांत फॅरडे त्यांच्या हाताखालीं राबला. शास्त्र बरोबर होतें, पण जहाजें फसलीं. झिजणाऱ्या तांब्याचा अंश पाण्यांत उतरून त्याच्या विषानें शिंपले व शेवाळ तळाला चिकटत नसत. तांबें झिजेनासें होतांच तेथें त्यांचें रानच माजलें आणि जहाजांची चाल मंदावली. डेव्हीसाहेबांची युक्ति मात्र वायां गेली नाहीं. आपल्या घरांवरील पन्हळी पत्र्यांवर जस्ताचा जो लेप असतो, तो पत्र्यावर चरा पडला तरी लोखंडाच्या आधीं स्वतः झिजून त्याला वांचवितो. तत्त्व तेंच.

फॅरडेचें नांव ज्यामुळें अजरामर झालें ते शोध दुसरे आहेत, आणि ते विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत असल्यामुळें येथें मी त्यांवरून घाईनें जातों. १८२१ त विजेच्या प्रवाहानें सतत फिरणारी तार त्यानें दाखविली, व तिच्यांत पुढच्या विजेच्या मोटारीचें बीज होतें. १८२५ त बेंझीन सांपडलें. १८३१ त चुंबकाच्या हालचालीनें वीज निर्माण होते हें सिद्ध झालें. आज आपल्या घरीं दिवा लागतो तो त्या शोधाच्या बळावर. पुढच्या तीन वर्षांत विजेनें द्रव्यांचें पृथक्करण होण्याचे नियम त्यानें बसविले. ह्या कीर्तीबरोबर एक दुःखहि आलें. १८२३ त रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठीं त्याचें नांव पुढें आलें, तेव्हां विरोध केला तो खुद्द डेव्हीसाहेबांनीं. फॅरडे निवडून आला, परंतु गुरुशिष्यांतील पूर्वीचा स्नेह राहिला नाहीं. तरी डेव्हीसाहेबांच्या हयातींत किंवा त्यांच्या मागें त्यानें त्यांचे उपकार कधीं नाकारले नाहींत.

१८३६ त स्वित्झर्लंडमधील बासेल येथील शोनबाइन नांवाच्या प्राध्यापकाचें त्याला पत्र आलें. त्यांतला प्रयोग असा. लोखंडाची तार सौम्य नायट्रिक ॲसिडमध्यें बुडविली तर तांबड्या वाफा निघून ती भराभर विरघळते. पण तीव्र ॲसिडमध्यें बुडविली तर कांहींच होत नाहीं! इतकेंच नव्हे, तर एकदां तीव्र ॲसिडमधून काढलेली ती तार मग सौम्य ॲसिडमध्येंहि मख्ख बसून राहते. तिला नुसता चरा पाडला, किंवा साध्या लोखंडाचा स्पर्श केला, कीं तिची समाधि मोडून ती पुन्हां उकळूं लागते. मी महाविद्यालयांत असतांना हा प्रयोग प्रथम पाहिला, तेव्हां आमच्यापैकीं कोणाचाहि डोळ्यांवर विश्वास बसेना. (मुलांनीं तो घरीं करूं नये. त्या वाफा छातीस अपायकारक असतात.)

शोनबाइननें अशा लोखंडाला निष्क्रिय हें विशेषण दिलें. फॅरडेनें स्वतः प्रयोग करून त्याच वर्षीं आपलें मत कळविलें. तें असें कीं, ह्या लोखंडाच्या पृष्ठाचें ऑक्सिडीकरण झालेलें असलें पाहिजे, निदान पृष्ठावरील कणांचें प्राणवायूशीं तशाच प्रकारचें नातें जडलेलें असलें पाहिजे. आणि हें आवरणच आंतल्या लोखंडाला ॲसिडपासून दूर ठेवतें. यांतील धाडस ध्यानांत घ्यावें. त्या तारेवर डोळ्याला कांहींहि दिसत नव्हतें. ती होती तशीच लखलखीत होती. जो संयोग लोखंडाचा घात करतो, तोच त्याच्या पहिल्या पापुद्र्याच्या रूपानें त्याचें कवच होतो, असें म्हणण्यासारखें तें होतें. पुष्कळांना तें पटलें नाहीं. न दिसणारा पापुद्रा मानण्यापेक्षां दुसरीं कारणें शोधणें त्यांना बरें वाटलें, आणि हा वाद नव्वद वर्षें चालला.

आज ह्या आरंभाची हकीकत बरीच स्पष्ट झाली आहे. स्वच्छ धातूवर प्राणवायूचा रेणु आदळतो, चिकटतो व दुभंगतो; त्याचे अणु धातूच्या अणूंपासून विजेचे कण ओढून घेतात. हें सर्व ठिकाणीं सारख्या वेगानें घडत नाहीं. गुळगुळीत दिसणाऱ्या पृष्ठावरहि सूक्ष्म पायऱ्या, चरे व जोड असतात, आणि बहुधा तेथेंच भस्माचीं पहिलीं इवलीं बेटें उठतात. तीं पसरत पसरत एकमेकांस भिडतात आणि पृष्ठ झांकलें जातें. यापुढें प्राणवायूला धातूशीं भेटावयाचें तर त्या थरांतून वाट काढावी लागते. थर सलग व चिवट असेल तर वाट बंद होते व क्रिया जवळजवळ थांबते. कोरड्या हवेंत लोखंडाचेंहि असेंच होतें. पण पाणी आलें कीं चित्र बदलतें. थेंबाच्या कडेला हवा मुबलक पोंचते, मध्यभागीं कमी. त्यामुळें एकाच थेंबाखालीं चिमुकली बॅटरी चालूं होते, मध्यभागचें लोखंड विरघळतें, आणि जो तांबडा गंज सांचतो तो भुसभुशीत असतो. तो कवच होत नाहीं. त्यांतून पाणी व हवा आंत शिरतच राहतात. कर्कटकाच्या पायांचें हेंच झालें होतें.

फॅरडेच्या राहणीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. १८२१ त सारा बर्नार्ड हिच्याशीं त्याचा विवाह झाला. त्यांना मूल नव्हतें; संस्थेच्या माडीवरच दोघांचा संसार चालला. सँडिमनपंथी म्हणून ख्रिस्ती लोकांची एक लहानशी मंडळी होती, तींत त्याचे आईबाप होते व तोहि अखेरपर्यंत राहिला, कांहीं काळ तिचा वडीलहि होता. कारखानदारांना सल्ला देऊन त्याला पुष्कळ धन मिळवितां आलें असतें, परंतु तीं कामें त्यानें हळूहळू सोडून दिलीं. सर ही पदवी नाकारली, रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद नाकारलें. चाळिशी उलटल्यावर त्याची स्मरणशक्ति दगा देऊं लागली. आपण केलेलाच प्रयोग आपण विसरतों हें शास्त्रज्ञाला किती क्लेशदायक असेल! त्यावर त्याचा उपाय म्हणजे त्याची रोजनिशी. प्रत्येक परिच्छेदाला तो अनुक्रमांक देई, आणि तो अंक शेवटीं सोळा हजारांवर गेला.

१८६० च्या नाताळांत, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीं, त्यानें मुलांसाठीं मेणबत्तीवर सहा व्याख्यानें दिलीं. तीं पुस्तकरूपानें आजहि वाचलीं जातात. शेवटच्या व्याख्यानांत त्यानें शिशाची अतिशय बारीक पूड भरलेली एक बंद कांचेची नळी आणली. नळी फोडून पूड हवेंत ओततांच ती आपोआप पेटली. मुलांना आश्चर्य वाटलें असेल, कारण शिशाचा गोळा कोणी जळतांना पाहिला आहे? फॅरडेनें त्यांना कारण समजाविलें. पुडीचे कण इतके लहान कीं त्यांना पृष्ठच पृष्ठ. हवा सगळ्यांना एकदम भिडते. शिशाचा गोळाहि प्राणवायु घेतो, पण त्याचें भस्म जागा सोडून जात नाहीं; तें गोळ्यावरच बसून राहतें, व आंतल्या शिशाला हवा लागूं देत नाहीं. चोवीस वर्षांपूर्वीं पंडितांना ज्याची शंका आली, तीच कल्पना म्हाताऱ्यानें अशी मुलांच्या हातीं दिली.

हीं त्याचीं मुलांपुढील अखेरचीं नाताळ-व्याख्यानें ठरलीं. राणी व्हिक्टोरियानें हॅम्प्टन कोर्ट येथें राहावयास दिलेल्या घरीं २५ ऑगस्ट १८६७ रोजीं, आरामखुर्चींत बसल्या जागीं, त्याचा शांतपणें अंत झाला.

१९१३ त शेफील्ड येथें हॅरी ब्रियर्ली यानें पोलादांत शेंकडा सुमारें तेरा इतकें क्रोमियम घालून न गंजणारें पोलाद काढलें. फॅरडे शेंकडा तीनवर थांबला होता. त्या पट्टीवर क्रोमियमच्या भस्माचा एक पापुद्रा असतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील दोन-तीन भागांइतकाच जाड. खरचटला तरी तो हवेंतील प्राणवायु घेऊन लगेच पुन्हां धरतो. १९२७ त केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यानें निष्क्रिय लोखंडावरचा पापुद्रा धातूपासून सुटा करून दाखविला, तेव्हां फॅरडेच्या बाजूनें मोठा पुरावा उभा राहिला.

आणि ती लांकडी पेटी? शंभर वर्षांनीं ती पुढें आली, तेव्हां फॅरडेच्या नांवाची चिठी तीवर होती. मँगॅनीज घालून अत्यंत चिवट पोलाद करणारा सर रॉबर्ट हॅडफील्ड याच्याकडे ती तपासणीसाठीं देण्यांत आली. हें मँगॅनीज आपल्याला परकें नाहीं. शेजारच्या भंडारा व बालाघाट जिल्ह्यांतील खाणींत तें निघतें, आणि तेथें तेंहि प्राणवायूशीं संयोग पावलेल्या स्थितींतच सांपडतें. हॅडफील्डनें पेटींतील एकूणऐंशी तुकड्यांचें वजन केलें, प्रत्येकाचा शक्य तितका लहान अंश घेऊन त्याची परीक्षा केली, आणि १९३१ त सगळें वृत्त पुस्तकरूपानें छापलें. क्रोमियमचे तुकडे त्यांत होते.